बेटांची रंगीत तालीम

डोंबिवलीनं या देशाला एक दर्यावर्दी दिला, असं मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचा उल्लेख नाही, ही त्या पुस्तकांची उणीव. आता वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत त्यांना पोहता येत नव्हतं, झोपाळ्यावर बसलं की मळमळत असे आणि समुद्र म्हणून त्यांनी पाहिलेली एकमेव गोष्ट म्हणजे गिरगावची चौपाटी, हेही खरं आहे. पण चौपाटीला ते समुद्र मानायलाच तयार नसत. "ते मुंबईचं परसदार," ते म्हणत. "समुद्र पाहायचा तर चारी बाजूंनी पाहावा. म्हणजे बेटावरून."

ते आमच्या शाळेत भूगोल शिकवत. शेजारच्या वर्गात मी मराठी शिकवत असे. दोन वर्गांच्या मध्ये फळ्यांचं पार्टिशन होतं आणि फळ्यांना फटी होत्या, त्यामुळे माझ्या वर्गातल्या मुलांचा भूगोल उत्तम होता. शाळेत आम्ही सगळेच मास्तर, पण नुसतं मास्तर म्हटलं की ते.

डावं-उजवं हे शब्द त्यांना मान्य नव्हते. माणूस वळला की डावं-उजवं बदलतं, दिशा बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे वर्गात "नैऋत्येच्या बाकावरचा, उभा राहा" अशी आज्ञा होई आणि बरोबर तोच मुलगा उभा राही. भाजीवालीला ते "त्या ईशान्येच्या ढिगातली दोन वांगी दे" असं सांगत. ती बिचारी त्यांच्या हाताकडे बघून वांगी उचले. एकदा एका मुंजीच्या पंगतीत त्यांनी वाढप्याला हाक मारली, "वायव्येला वरण नाही." वाढपी नवा होता. त्यानं घाबरून यजमानांना विचारलं की वायव्ये म्हणजे मुलीकडचे का मुलाकडचे. मुंजीत मुलीकडचे नसतात, हेही तो त्या धक्क्यात विसरला.

त्यांची दुसरी ख्याती रजेची होती, म्हणजे ती न घेण्याची. शाळेत लागल्यापासून पंचवीस वर्षं त्यांनी एक दिवस रजा घेतली नव्हती. मुलीच्या लग्नाला व्याह्यांनी मंगळवारचा मुहूर्त सुचवला, तर यांनी कळवलं की मंगळवारी नववीला आफ्रिका आहे. लग्न रविवारी झालं. हिवतापानं कुडकुडत असताना घोंगडी पांघरून वर्गावर आले आणि शीत कटिबंध शिकवला. मुलं सांगत की तसा शीत कटिबंध पुन्हा कुणी शिकवला नाही. त्यांच्या आई वारल्या त्या मे महिन्यात, सुट्टी लागल्यावर. "आईनं वेळापत्रक सांभाळलं," ते मला म्हणाले. हसत नव्हते.

असा माणूस लखदीव बेटांवर जायचं म्हणतो, तेव्हा गाव ते ऐकून घेतं आणि कामाला लागतं. पण मास्तरांनी खरंच तयारी सुरू केली. मलबारच्या किनाऱ्यावरून शिडाच्या गलबतानं जायचं, एकेका बेटावर राहायचं, परत यायचं, असा पुष्कळ आठवड्यांचा बेत होता. बरोबर वहिनी. यापूर्वीचा त्या दोघांचा सर्वांत लांबचा प्रवास नाशिकचा.

कोणतीही गोष्ट रंगीत तालमीशिवाय करायची नाही, हा त्यांचा स्वभाव. तेव्हा मानपाड्याच्या रस्त्यावरच्या त्यांच्या कौलारू घरात बेटांची तालीम सुरू झाली. ओसरीवर झोपाळा टांगला. रोज संध्याकाळी मास्तर डोळे मिटून त्यावर बसत आणि वहिनी लाटा पुरवत. मळमळू लागलं की ते हात वर करत, पण थांब म्हणत नसत. रस्त्यानं जाणारे लोक पाहत. "काय मास्तर, झोका घेताय?" असं कुणी विचारलं की मिटल्या डोळ्यांनी उत्तर येई, "नाही. कालिकत सोडलं."

वाळूवर झोपायची सवय हवी म्हणून रेतीबंदरावरून एक बैलगाडीभर रेती आणून अंगणात पसरली. मास्तर तीन रात्री तीवर झोपले. चौथ्या दिवसापासून आळीतल्या मांजरांनी त्या बेटाचा आपल्या सोयीसाठी उपयोग सुरू केला. मास्तरांनी ते मनाला लावून घेतलं नाही. निर्जन बेट कुठेच नसतं, म्हणाले. मग आहाराची तालीम झाली. पंधरा दिवस घरात भात, मासे आणि खोबरं. मासे कागदोपत्रीच होते, कारण ते खात नसत. खोबरं मात्र खरं होतं.

शेवटी पोहणं. त्यासाठी थंडीतल्या एका रविवारी आम्ही खडवलीला गेलो, मास्तर, वहिनी आणि साक्षीदार म्हणून मी. भातसेचं पाणी त्या दिवसांत शांत असतं. मास्तरांनी पाठीला दोन सुके भोपळे बांधले, लंगोटावर सूर्याला नमस्कार केला आणि पाण्यात शिरले. भोपळे चांगले होते. इतके चांगले की मास्तर बुडायचा प्रश्नच नव्हता, पण वळायचाही नव्हता. प्रवाहानं त्यांना अलगद उचललं आणि ते छातीवर हात बांधून होते त्याच स्थितीत प्रवाहाबरोबर वाहत जाऊ लागले. "मी पश्चिमेला चाललोय," त्यांनी शांतपणे कळवलं.

मला पोहता येत नाही. मी काठावरून धावत होतो आणि त्याचा कुणालाच उपयोग नव्हता. तेवढ्यात वहिनींनी कासोटा घट्ट केला, पदर खोचला आणि नऊवारीसकट पाण्यात उडी घेतली. दहा-बारा हातांत त्यांनी मास्तरांना गाठलं, भोपळ्याची दोरी धरली आणि गलबत ओढावं तसं त्यांना काठाला आणलं. पदर पिळून झाल्यावर त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पोहे खायचे का आता?"

मास्तर भोपळ्यांची दोरी सोडता सोडता थांबले. "तुला पोहता येतं?"

"माझं माहेर खाडीवर आहे. येणार नाही तर काय?"

"बोलली नाहीस कधी."

"विचारलंत कधी?"

लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाला घरात एक अज्ञात प्रदेश सापडला होता, आणि तो भूगोलाचा मास्तर होता.

त्यानंतर महिन्याभरानं अकरावीची उजळणी चालू असताना पार्टिशनपलीकडून मास्तरांचा आवाज येत होता. मोसमी वारे चालले होते. मास्तर फळ्यावर एका ओघात हिंदुस्थान काढत, मग नैऋत्येकडून एक लांब बाण. "हे वारे जूनच्या आरंभी मलबारच्या किनाऱ्यावर येतात," ते म्हणाले. "पण त्याआधी ते..." आणि आवाज थांबला.

त्यांचा आवाज मध्येच थांबणं ही शाळेच्या इतिहासातली पहिलीच घटना होती. मी उठून पलीकडे गेलो. मास्तर खडू धरून फळ्यासमोर उभे होते. नकाशात लखदीवचे ठिपके काढणारे ते महाराष्ट्रातले बहुधा एकटेच शिक्षक असतील. बाण नेमका त्या ठिपक्यांतून आरपार गेला होता.

"मास्तर, काय झालं?"

"पंचवीस वर्षं हा बाण काढतोय मी."

"बरोबर काढलाय की."

"बाण बरोबर आहे," ते म्हणाले. "मी मे महिन्यात निघणार होतो."

शिक्षकांच्या जगात प्रवास हा मे महिन्याचा गुणधर्म आहे, जसा आंबा. मास्तरांनी गलबत, वाळू, खोबरं, भोपळे सगळ्याचा विचार केला, पण प्रवास मेमध्ये करायचा याचा विचार केला नव्हता, कारण त्यात विचार करण्यासारखं काही असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मेच्या मध्याला तिकडची गलबतं किनाऱ्यावर ओढून ठेवतात. पुन्हा समुद्र खुला होतो तो पावसाळा सरताना. मास्तर आणि वहिनी गेले असते आणि शाळा उघडली असती तरी ते तिकडे भात-खोबरं खात अडकून पडले असते.

घरी गेल्यावर आणखी एक गोष्ट उघडकीला आली. मास्तर वर्षभर "सुट्टीत जायचं" म्हणत होते, आणि वहिनी दिवाळीच्या सुट्टीचं धरून चालल्या होत्या. "मेमध्ये समुद्रावर कोण जातं?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडे मुलंसुद्धा होड्या सोडत नाहीत." एकाच घरात, एकाच झोपाळ्यावर, दोन माणसं दोन वेगवेगळ्या ऋतूंत एकाच प्रवासाची तालीम करत होती.

मग दिवाळीच का नाही? कारण दिवाळीची सुट्टी तीन आठवड्यांची. शिडाचं गलबत वाऱ्याच्या मर्जीनं जातं आणि त्याच मर्जीनं परत येतं. मास्तरांनी नकाशा, वारे, सुट्टी सगळं पुन्हा मांडून पाहिलं. जायचं तर दिवाळीच्या सुट्टीला आणखी चार आठवडे जोडायला हवे होते. म्हणजे रजा.

हा शब्द त्यांनी माझ्यासमोर उच्चारला आणि लगेच इकडेतिकडे पाहिलं.

पुढं जे झालं त्याला संस्थेचे अध्यक्ष कारण झाले. अध्यक्ष वकील होते, उपरणं घेत आणि कुठल्याही विषयावर उभं राहून बोलत. बसून बोलताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाला त्यांनी जाहीर केलं की पंचवीस वर्षं एकही रजा न घेणाऱ्या या कर्मयोग्याचा येत्या डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात सत्कार होईल, शाल, श्रीफळ आणि मानपत्र. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी हात जोडले. त्यांचा चेहरा मी पाहिला. खडवलीला पाण्यातून वाहत जाताना तो यापेक्षा निश्चिंत होता.

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. शाळेतल्या मराठीच्या शिक्षकाला हे टळत नाही.

त्यानंतर झोपाळा ओसरीवरून उतरला. अंगणातल्या रेतीत पावसानं गवत उगवलं. बेटांचं नाव कुणी काढलं तर मास्तर "बघू" म्हणत, आणि बघू हा शब्द त्यांच्या बोलण्यात पूर्वी नव्हता. नवरात्राच्या सुमाराला एकदा मी मानपत्रासाठी माहिती विचारायला त्यांच्या घरी गेलो. ते सुपारी कातरत होते, वहिनी तांदूळ निवडत होत्या.

"वहिनी," मी म्हटलं, "मास्तरांच्या पंचवीस वर्षांबद्दल तुम्हीही काही सांगा. घालतो मानपत्रात."

वहिनी तांदळावरची नजर न उचलता म्हणाल्या, "शाळेत ते रोज होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेच घाला. घरी कधी होते ते विचारायला लागलात तर मला आठवावं लागेल."

सुपारी कातरायचा आवाज थांबला. मी चहा न घेता निघालो, तसे मास्तर माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले.

"एक सांगा," ते हळू आवाजात म्हणाले. "रजा मागताना काय म्हणतात?"

"म्हणजे?"

"म्हणजे सुरुवात कशी करतात? मी कधी मागितलेली नाही."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन हेडमास्तरांकडे गेलो. मास्तर दारातच खिळले, म्हणून सुरुवात मीच केली. "सर, रजा हवी आहे."

"तुम्हाला?"

"मला नाही, यांना."

हेडमास्तर उठून उभे राहिले. "काय होतंय यांना?"

"काही होत नाही," मास्तर म्हणाले. "मी ठणठणीत आहे."

"मग रजा कशाला?"

"ठणठणीत आहे तोवर जायचंय. बायकोला समुद्र दाखवायचाय." मग भूगोलाच्या शिक्षकाला शोभेल अशा नेमकेपणानं त्यांनी दुरुस्ती केली. "म्हणजे तिनं पाहिलाय. मला तिच्याबरोबर पाहायचाय."

हेडमास्तर भले गृहस्थ होते. त्यांनी कारणाच्या जागी 'कौटुंबिक' असं लिहिलं आणि पंचवीस वर्षांत प्रथमच ते मास्तरांकडे बघून हसले.

संध्याकाळी अध्यक्ष मास्तरांच्या घरी आले. बसायला पाट दिला तरी उभेच राहिले. "मास्तर, आपण या संस्थेचे अखंड नंदादीप आहात. दोन महिन्यांवर सत्कार आला असताना हे काय? समुद्र काय, आज आहे, उद्याही असणार."

"समुद्र असेल हो. माझ्या गुडघ्यांचं काही सांगता येत नाही."

"मग डिसेंबरात सत्कार घ्या आणि दुसऱ्या दिवशी खुशाल निघा. मी स्वतः रजा मंजूर करतो."

हा मार्ग अगदी सरळ होता. मी तिथे बसलो होतो आणि खरं सांगायचं तर मलाही तो पटला. मास्तरांनी उपरण्याकडे, मग वहिनींकडे पाहिलं.

"नाही जमणार," ते म्हणाले. "तुम्ही व्यासपीठावरून मुलांना सांगणार, बघा, यांनी कधी रजा घेतली नाही. आणि माझ्या खिशात रजा असणार. ती मुलं माझ्याच वर्गात बसतात. घ्यायची आहे तर आधी घेतो. सत्कार तुम्ही दुसऱ्या कुणाचा करा."

"दुसरं कुणी नाही," अध्यक्ष खिन्नपणे म्हणाले. "सगळ्यांनी घेतल्यात."

वहिनींनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. "चहा टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या. आत गेल्यावर त्यांनी काय केलं ते माहीत नाही, पण चहा यायला फार वेळ लागला आणि त्यात साखर दोनदा पडली होती. आम्ही तो पूर्ण प्यायलो.

दिवाळी होताच ते दोघं निघाले. कल्याणला मद्रासच्या मेलवर पोचवायला मी आणि अकरावीचा निम्मा वर्ग गेलो होतो. मुलांनी फलाटावर मास्तरांना खडूची एक पेटी दिली. गाडी सुटताना मास्तरांनी खिडकीतून हात काढून दिशा दाखवली, आग्नेय, आणि मुलं शिस्तीत तिकडे बघत राहिली. मी पुष्कळ मिरवणुका पाहिल्यात. पुढाऱ्यांना उघड्या मोटारीतून जाताना पाहिलंय. ऊर भरून येणं म्हणजे काय ते मला त्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यापाशी समजलं.

डिसेंबर आला. सत्कार रद्द होईल अशी माझी समजूत होती, पण मांडव ठरला होता, पाहुणे ठरले होते, आणि अध्यक्षांचं भाषणही ठरलं होतं. "व्यक्ती गैरहजर असली तरी तत्त्व हजर आहे," ते म्हणाले. मी मानपत्रातला मजकूर बदलून देतो म्हटलं, तेव्हा ते चौकटीत बसवून झालं होतं. अशा रीतीनं, कधीही गैरहजर न राहिल्याबद्दल मास्तरांचा सत्कार त्यांच्या गैरहजेरीत झाला. 'ज्यांची खुर्ची कधी रिकामी राहिली नाही' हे वाक्य मी स्वच्छ उच्चारात एका रिकाम्या खुर्चीला वाचून दाखवलं.

ती खुर्ची अध्यक्षांना बघवेना. त्यांनी कार्यालयातून मास्तरांचा फोटो आणवला, खुर्चीवर ठेवला आणि त्याला हार घातला.

हार घातलेला फोटो बघून मागच्या रांगांतल्या पालकांनी जो अर्थ काढायचा तो काढला. मास्तर समुद्रावर गेलेत हे गावाला ठाऊक होतंच. कुणी टोपी काढली. बायकांच्या बाजूनं हुंदका आला. अध्यक्षांना वाटलं भाषण भिडतंय, म्हणून त्यांनी ते लांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मानपाड्याच्या रस्त्यावरच्या त्या बंद घरासमोर माणसं येऊन उभी राहू लागली. शेजारच्या काकू प्रत्येकाला सांगत होत्या, "अहो, ते दोघं फिरायला गेलेत." त्यावर एक वृद्ध गृहस्थ मान हलवून म्हणाले, "दोघंही? अरेरे."

जानेवारीत दोघं परतले, काळेठिक्कर पडलेले, नाकाची सालं निघालेली. गलबतावर मास्तरांना काही झालं नव्हतं, मळमळलं होतं ते वहिनींनाच. बेट कसं होतं विचारलं तर मास्तर म्हणाले, "इतकं अरुंद की मधोमध उभं राहिलं तर चारी दिशांना पाणी दिसतं. कुणाला दिशा सांगावीच लागत नाही." ही तक्रार होती की कौतुक, ते कळलं नाही. वहिनी म्हणाल्या, "पाणी हिरवं होतं. आम्ही दोघं रोज त्यात डुंबत होतो. फक्त सकाळी अकरा वाजले, शाळेच्या घंटेची वेळ झाली, की हे पाण्यातून उठून उभे राहायचे. पहिला आठवडा. मग राहिले नाहीत."

हे सांगताना त्या ज्या नजरेनं मास्तरांकडे बघत होत्या, त्या नजरेसाठी मला कुठल्याही मानपत्रात शब्द सापडले नसते. आमच्या गावात पुढं मोठे लोक झाले, त्यांचे पुतळे झाले, रस्त्यांना नावं दिली गेली. पण मिळत असलेला मान मिळण्याआधीच परत करून बायकोबरोबर पाण्यात उतरणारा माणूस आमच्या शाळेत होता आणि मी त्याच्या शेजारच्या वर्गात होतो, हे मी आजही कुणी न विचारता सांगतो.

सत्काराचा तो फोटो नंतर शाळेच्या सभागृहात लावण्यात आला. रिकामा खिळा दिवंगत शिक्षकांच्या रांगेतच होता, त्यामुळे तिथे. निवृत्त होईपर्यंत मास्तर रोज त्याच्या खालून वर्गावर जात असत.